तीन सिलिंडरची गाडी, चार तोंडांचा फोटो

गॅरेजवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत तडा गेलेलं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड होतं, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे नेणारा भाग, आणि त्याला चार तोंडं होती. माझी गाडी तीन सिलिंडरची. म्हणजे धूर बाहेर पडायच्या वाटा तीन आणि मॅनिफोल्डची तोंडंही तीन. पहिलीतल्या पोराचा हा हिशेब माझ्या डोक्यात शिरायला दहा महिने लागले. तोवर साडेअठरा हजार गेले होते.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, पहिल्यापासून आमच्याच नावावर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी चालू केली की बॉनेटखालून टिकटिक आवाज यायला लागला, शेजारच्या घरात कुणी शिलाई मशीन चालवावं तसा. सोसायटीतून निघून कोथरूड डेपोपर्यंत पोचलो की आवाज गायब. मॅनिफोल्डला तडा गेला किंवा त्याचं पॅकिंग उडालं की असंच होतं. इंजिन गार असताना फटीतून वायू फटफटत बाहेर येतो, तापल्यावर धातू फुगतो आणि फट मिटते. तेव्हा गॅरेजवाल्याचं निदान खोटं नव्हतं. मी फसलो तो तिथेच. एक गोष्ट खरी निघाली म्हणून पुढच्या सगळ्या खऱ्या धरून चाललो.

"साहेब, यात मॅनिफोल्ड आणि कॅट एकाच तुकड्यात येतं. अख्खी असेंब्लीच बदलायला लागेल. शोरूमला चाळीसच्या खाली होणार नाही, मी साडेअठरात नवीन टाकून देतो."

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. जुना पार्ट मला हवा म्हटलं तर म्हणाला, "तो बदल्यात द्यावा लागतो, म्हणून तर एवढ्यात बसतंय." मला हे पटलं. बॅटरी घेताना जुनी देतोच की आपण! बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद मिळाला, त्यावर 'एक्झॉस्ट काम १८५००'. पार्ट नंबर नाही, शिक्का नाही. पैसे यूपीआयने दिले, तेही त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर.

आवाज बंद झाला. गाडी थोडी भारदस्त वाजते असं बायको म्हणाली. मी म्हटलं, नवीन पार्ट आहे, बसेल. पावसाळा संपता संपता टिकटिक परत आली. फोन केला तर, "पॅकिंग बसायला वेळ लागतो, चालवा बिनधास्त."

डिसेंबरला पीयूसी संपली. आदल्या वर्षीच्या स्लिपवर कार्बन मोनॉक्साइड ०.०५ टक्के होता. या वेळी ०.७१ आला. बीएस-४ या प्रदूषण नियमातल्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, मर्यादा ०.३ ची. हायड्रोकार्बनही २०० च्या मर्यादेवर. पीयूसीवाल्या पोराने टेलपाइपशी नाक नेलं आणि विचारलं, "काका, कॅट काढलंय का?"

मी रागावलोच. नवीन टाकलंय म्हटलं. तो नुसता हसला.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं टूलरूमला होते. त्यांना दोन्ही स्लिपा दाखवल्या. म्हणाले, "उघडून बघू. रविवारी मोकळा आहेस ना?" शनिवारी रात्रीच त्यांनी सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवायला लावलं. सकाळी इंजिन गारठोण असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली, पुढची चाकं उचलून खाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर काका कुणाला गाडीखाली जाऊ देत नाहीत. १० नंबरच्या बोल्टांचं पत्र्याचं कव्हर निघालं आणि मॅनिफोल्ड दिसलं, रुपेरी, चकचकीत. मला हायसं वाटलं. काकांनी नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली दहा वर्षांचा गंज. दोन तोंडांच्या बेचक्यात वेल्डिंगची ओबडधोबड माळ, तिच्या कडेने नवा तडा, आणि तड्याभोवती काजळी.

म्हणजे मॅनिफोल्ड जुनंच होतं. त्याच क्षणी फोन काढून तो फोटो पाहिला आणि तोंडं मोजली.

पण खरा धक्का अजून बाकी होता. या गाडीला दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत, एक कॅटच्या आधी, एक नंतर. दुसऱ्याचं काम कॅट नीट चालतंय का यावर लक्ष ठेवणं, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो. हा दुसरा सेन्सर थेट पाइपात बसलेला नव्हता. मध्ये बोटाच्या दोन पेरांएवढी एक नळी आटे पाडून बसवली होती. काका बराच वेळ ती बोटांत फिरवत बसले. "हे चुकून होत नाही रे," म्हणाले. सेन्सर धुराच्या धारेपासून लांब उचलला की त्याला सगळं आलबेल दिसतं आणि दिवा लागत नाही.

मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला धरून ठेवणारे नट १२ नंबरचे. काकांचा नियम असा की आधी केसभर आवळायचं, मग सोडायचं, आणि अडलं तर जोर न करता पुन्हा तेल. पाच निघाले. सहाव्याला मी घाई केली आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, कट्‌कन हेडमध्येच तुटला. तो पुढे ड्रिल करून काढायला दीड हजार गेले. त्या पैशांचा दोष मात्र मी कुणावर टाकत नाही.

मॅनिफोल्ड बाहेर आलं ते एका हातात पेललं. कॅटसकट असूनही इतकं हलकं? काकांनी ते उचलून खिडकीकडे धरलं आणि मला आत बघायला सांगितलं. पलीकडच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी दिसली.

तिथे खरं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिक जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा पातळ थर असतो. धंद्यात तिला 'माती' म्हणतात. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत एकामागून एक येत होत्या, त्या या मातीसाठीच. मी त्या बातम्या चहाबरोबर वाचल्या होत्या. आमची माती मी स्वतः किल्लीसकट नेऊन दिली आणि वर साडेअठरा हजार मोजले.

गॅरेजवर गेलो. आधी म्हणाला, गाडी सेकंडहँड असेल. आरसी दाखवली. मग म्हणाला, हल्ली पार्किंगमधून चोऱ्या फार होतात. मी ती नळी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, चोर ही बसवून जातो का? तेव्हा त्याने शटर अर्धं ओढलं आणि पाच हजार परत दिले, "संबंध राहावेत म्हणून". त्यानंतर फोन उचलत नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, बिल आहे का? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण तिथेही हेच विचारणार. माझ्याकडे वहीचा कागद, मेहुण्याच्या नावाचा यूपीआय आणि दोन पीयूसी स्लिपा. तक्रार केली आहे, बघू. काम झाल्या दिवशी गाडी पीयूसीला नेली असती तर शंभर-दीडशे रुपयांत तारखेसकट पुरावा हातात आला असता. जुना पार्ट गाडीच्या डिकीत टाकून द्यायची अट आधी घातली असती तर कदाचित हात लावायच्या आधीच त्याने नाही म्हटलं असतं.

नवीन असेंब्ली खोक्यावरचा पार्ट नंबर जुळवून आणली, पावतीसकट. काकांनी आणि मी बसवली. नट मधून कडेला, दोन फेऱ्यांत आवळले.

जुनं मॅनिफोल्ड महिनाभर बाल्कनीत पडून होतं. परवा भंगारवाल्याला दिलं. त्याने ते उचललं, वजन अजमावलं, डोळ्याला लावून आरपार बघितलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "आतला माल आधीच काढला का साहेब? मग नुसत्या लोखंडाचे पैसे मिळतील."