लहरीपुरा ते पाणीगेट: रस्ता दाखवणारी पायी फेरी

राजवाडे दाखवणाऱ्या फेऱ्या बडोद्यात पुष्कळ आहेत. रविवारी सकाळची ही फेरी जुन्या शहराच्या लहरीपुरा दरवाजापासून पाणीगेट दरवाजापर्यंतचा रस्ता दाखवते. ओटे, पाखरांना दाणे टाकायचे चबुतरे, पोळीची (पोळ म्हणजे जुन्या वस्तीतली दाट घरांची गल्ली) दारं, मोऱ्या. मी नोकरीभर पाण्याच्या लाइनी टाकल्या, पण रस्त्याच्या पातळीबद्दल इतक्या तळमळीनं बोलणारं माणूस मला इथंच भेटलं.

न्यायमंदिराशी (जुन्या कोर्टाची इमारत, १८९६ची) फार वेळ घालवत नाहीत, ते बरंच. फेरीला रंग चढतो तो मांडवीच्या, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या खांबांच्या इमारतीच्या, अलीकडच्या एका पोळीत. गाइड मुलगा एका ओट्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकू, पायऱ्या मोजा." एकच दिसत होती. घरातले आजोबा बाहेर येऊन म्हणाले, आमच्या लहानपणी तीन होत्या. जुनं डांबर न खरवडता त्यावर नवा थर, मग त्यावर आणखी एक. रस्ता चढत गेला, घरं खाली गेली. पावसाचं पाणी आता थेट उंबऱ्याकडे धावतं. विटा ते शोषतात, आणि वरून सिमेंटचा गिलावा असला की ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही. खार फुटतो, विटेचा भुगा होतो. शेजारची भिंत चुन्याची. मुलानं सगळ्यांना दोन्ही भिंतींवर तळहात टेकवायला लावला. सिमेंटची गार, दमट, चुन्याची कोरडी. एवढ्यासाठी माणशी ३०० रुपये मी आनंदानं देईन.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही: आधी जुना थर खरवडायचा, मूळ पातळी गाठायची, मगच नवं डांबर. मांडवीच्या खांबाचे पोपडे सुटून त्याला लोखंडी टेकू द्यावे लागले तेव्हा शहर हळहळलं. पोळीतला ओटा गाडला जातो तेव्हा कुणाला पत्ताही नसतो, आणि माझा जीव तिथंच तुटतो. संध्याकाळी बायका बसायच्या, पोरं खेळायची, फेरीवाला पाटी टेकवायचा ती जागाच जाते.

पाणीगेटला पोचेपर्यंत घाई होते, ही माझी तक्रार. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला नळाचं पाणी दिलं, हे दोन वाक्यांत उरकतात. नळ आल्यावर विहिरींचं काय झालं, हे याच रस्त्यावर उभं राहून सांगायला हवं. मधला चहाचा थांबा कमी केला तरी चालेल.

मुलगा मराठी, गुजराती दोन्ही छान बोलतो. वयस्कर माणसांसाठी सावकाश चालतो. पोळीत कुणाच्या दारात फोटो काढण्याआधी विचारतो, हे मला विशेष आवडलं. चबुतऱ्याशी दाणे टाकायला तो थोडी ज्वारीही देतो.

ज्यांचं स्वतःचं घर पोळीत आहे त्यांनी दिवाळीनंतर लगेच जावं. ओट्याची डागडुजी चुन्यात करायची तर तो सावकाश धरतो, तेव्हा पावसाआधीचे महिने हाताशी हवेत.