फॅक्टोरियो, काही महिन्यांनंतर: सगळं जमलं, सिग्नल सोडून

परवा रात्री फॅक्टोरियोतला, म्हणजे कारखाना उभारायच्या कॉम्प्युटर गेममधला, माझा अख्खा कारखाना ठप्प झाला. वीज होती, खाणी चालू होत्या, पण भट्ट्या रिकाम्या. नकाशा उघडला तर मधल्या जंक्शनवर चार मालगाड्या अडकलेल्या. पहिलीला हवा असलेला रूळ दुसरीच्या डब्यांनी अडवलेला, दुसरीला हवा तो तिसरीने, तिसरीला हवा तो चौथीने आणि चौथीला हवा तो पहिलीने. कुणी रुळावरून घसरलेलं नाही, कुणाचं इंधन संपलेलं नाही, चौघीही सिग्नलपाशी शिस्तीत उभ्या. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो तो रिव्ह्यू शेवटी या वैतागातून लिहितोय.

गेम काय आहे ते सांगत बसत नाही, इथवर आलात म्हणजे माहीतच असणार. पण पैशाचं आधी बोलून घेतो. मी गेम सेलमध्येच घेतो. विशलिस्टमध्ये टाकायचा, वाट बघायची, किंमत निम्म्यावर आली की उचलायचा. फॅक्टोरियो सेलमध्ये येतच नाही, ते निर्मात्यांचं जाहीर धोरण आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये १.० आवृत्ती आली, मी आशेवर राहिलो, आणि २०२३ च्या जानेवारीत किंमत उतरायची सोडून वाढली. शेवटी पूर्ण पैसे मोजले आणि ते वसूल करायचे म्हणून एक नियम घालून घेतला: दुसऱ्याचे ब्लूप्रिंट (मांडणीचे तयार आराखडे) आयते चिकटवायचे नाहीत. डोकं चालवण्याचेच पैसे दिलेत, तर ते दुसऱ्याकडून कशाला चालवून घ्यायचं? पुढची सगळी कुरकुर या नियमाच्या हिशोबाने वाचा.

‘शिकायला भयंकर अवघड’ असं या गेमबद्दल सगळीकडे ऐकू येतं. सुरुवातीचे काही आठवडे मला ते अजिबात पटत नव्हतं. हाताने दगड फोडा, भट्टी लावा, कोळसा घाला. मग कोळसा घालायचा कंटाळा येतो, म्हणून माल वाहून नेणारा सरकता बेल्ट. बेल्टवरचं उचलायला इन्सर्टर, म्हणजे यांत्रिक हात. प्रत्येक नवी गोष्ट आधीच्या कंटाळ्यावरचा उपाय म्हणून येते, त्यामुळे शिकतोय असं वाटतच नाही. आकडेमोड आहे, पण ती गंमत म्हणून करावीशी वाटते. साधा पिवळा बेल्ट सेकंदाला १५ वस्तू नेतो, दगडी भट्टीला एक लोखंडी प्लेट बनवायला ३.२ सेकंद लागतात, म्हणजे भरलेला बेल्ट खपवायला ४८ भट्ट्या. हिरवं सर्किट जोडणाऱ्या दोन असेंबलरना (जुळणीच्या मशीनना) तांब्याच्या तारेचे तीन. असे दोन-चार आकडे तोंडपाठ झाले की पुढचं आपोआप सुचतं.

आणि बिघाड डोळ्यांना दिसतो, ही या गेमची खरी करामत. लोखंडाच्या बेल्टवर कुठूनतरी तांब्याच्या प्लेट घुसल्या की त्या वाहत टोकाला जाऊन बसतात. तिथे त्यांना कुणी उचलत नाही, म्हणून शेवटचं मशीन आधी उपाशी राहतं, मग त्याच्या अलीकडचं. थांबलेल्या मशीनवरून मागे मागे चालत गेलं की दोष सापडतो. बेल्टला दोन लेन असतात आणि इन्सर्टर माल नेहमी पलीकडच्या लेनवर टाकतो, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. एक लेन गच्च आणि दुसरी रिकामी बघून कळलं. असं कळलेलं विसरत नाही.

(ऑल्ट बटणाबद्दल मात्र तक्रार आहे. ते दाबल्यावर प्रत्येक मशीनवर त्यात काय बनतंय त्याचं चित्र उमटतं. ते नसेल तर सगळा कारखाना म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या करड्या डब्यांचा ढीग. इतकी कामाची गोष्ट सुरुवातीपासून चालू का नसावी?)

मग येतं तेल. इथे बरेच जण गेम सोडतात आणि मीही ‘इथवर ठीक, पुढे नको’ असा रिव्ह्यू मनात लिहून ठेवला होता. पुढच्या टप्प्यातल्या शुद्धीकरणात १०० क्रूड (कच्चं तेल) आणि ५० पाण्यातून २५ हेवी ऑइल, ४५ लाइट ऑइल आणि ५५ पेट्रोलियम गॅस निघतो. तुम्हाला हवा असतो गॅस. पण हेवी ऑइलची टाकी भरली की रिफायनरी थांबते आणि गॅसही बंद. पूर्वी तर अगदी पहिल्याच प्रक्रियेतून तिन्ही पदार्थ निघायचे. २०१९ मध्ये ते बदलून पहिल्या टप्प्यात फक्त गॅस ठेवला, म्हणजे इथे लोकांच्या नाकी नऊ येतात हे निर्मात्यांनाही दिसलं असावं.

माझं मत फिरलं ते एका पंपामुळे. टाकी आणि पंप तारेने जोडायचे आणि पंपाला अट घालायची: टाकीतलं हेवी ऑइल ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच चालू हो. जादाचं तेल क्रॅकिंगला, म्हणजे फोडून हलकं करायला जातं, ल्युब्रिकंटपुरतं (वंगणापुरतं) मागे राहतं, रिफायनरी थांबत नाही. दोन वस्तू आणि एक तार. तो पंप चालू-बंद होताना मी उगाचच बराच वेळ बघत बसलो होतो. तेव्हा तेलाबद्दलची तक्रार मागे. गेममधला सर्वात चांगला धडा तोच आहे, कारण तिथेही बिघाड समोर दिसतो: भरलेली टाकी, थांबलेली रिफायनरी.

आता मालगाड्यांचे सिग्नल. घोडं इथेच पेंड खातं.

नियम ऐकायला सोपे आहेत. सिग्नल रुळाचे ब्लॉक पाडतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. साधा सिग्नल फक्त पुढचा ब्लॉक रिकामा आहे का ते बघतो. चेन सिग्नल त्याच्याही पुढच्या सिग्नलकडे बघतो, आणि गाडीला बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच तिला आत सोडतो. म्हणून जंक्शनमध्ये शिरताना आणि आतमध्ये चेन, बाहेर पडताना साधा. हे वाक्य खेळणारे सगळे घोकतात, मीही घोकलं. सिग्नल हातात धरला की प्रत्येक ब्लॉक वेगळ्या रंगात दिसतो. टिप्सच्या पानावर छोट्या गाड्या धावताना दाखवतात. बघताना सगळं पटतं.

पण बाहेर पडल्यावरचा ब्लॉक अख्खी गाडी मावेल इतका लांब हवा, हे त्या वाक्यात नाही. तो आखूड असेल तर साधा सिग्नल हिरवा होतो, इंजिन बाहेर पडतं, आणि पुढचा सिग्नल लाल असला की शेवटचे डबे जंक्शनमध्येच राहतात. दोन गाड्या असताना हे दिसतच नाही, कारण पुढचा सिग्नल सहसा हिरवाच असतो. चारनेही बहुधा भागतं. गाड्या वाढल्या, माल उतरवायला रांग लागली, रांगेचं टोक जंक्शनपर्यंत आलं की एके दिवशी सगळं एकदम थांबतं. तोवर तेच जंक्शन तुम्ही सगळ्या नकाशावर छापून ठेवलेलं असतं, कारण स्वतःचा ब्लूप्रिंट वापरायला माझ्या नियमाचीही हरकत नव्हती.

राग आहे तो याचा. बेल्टचा दोष लगेच कळतो, तेलाचा टाकी भरली की कळतो. सिग्नलचा दोष कारखाना मोठा होईपर्यंत गप्प बसतो आणि तेव्हाही काही बोलत नाही. गाडीला मार्गच सापडत नसेल तर गेम ओरडून सांगतो. इथे मार्ग आहे, गाडी नुसती सिग्नलला थांबलेली आहे, त्यामुळे गेमच्या दृष्टीने सगळं आलबेल. बाकी सगळा गेम ज्या पद्धतीने शिकवतो ती पद्धत नेमकी याच एका ठिकाणी सोडून दिली आहे. आणि अडकलेल्या गाड्या सोडवायला पायी जावं, तर वाहता रूळ ओलांडताना गाडीखाली येऊन मरण्याची सोय आहेच.

आता कुणी म्हणेल, डब्यांएवढं अंतर मोजायला काय लागतं? मोजलं. एकेका जंक्शनमधून बाहेर पडतानाच्या सिग्नलनंतरचा सिग्नल गाडीच्या लांबीइतका पुढे सरकवला, गाड्या हलल्या. पण नकाशाभर पसरलेली जंक्शनं अशी दुरुस्त करणं म्हणजे शिकणं नव्हे, हमाली आहे.

२.० आवृत्ती जुन्या ग्राहकांना फुकट मिळाली, त्याचं श्रेय द्यायला हवं. पाइपचं गणित सोपं झालं आणि गेममध्येच माहितीकोश आला, त्यामुळे दर दोन मिनिटांनी बाहेर शोधायला जावं लागत नाही. इतर अवघड गेमशी तुलना केली तर हा कितीतरी प्रामाणिक आहे. ड्वॉर्फ फोर्ट्रेस या बुटक्यांची वसाहत उभारायच्या गेममधली निम्मी अडचण कीबोर्डची होती, माउस आणि चित्रं असलेली आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरात आली. कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अंतराळयानं उडवायच्या गेममध्ये त्याच कक्षेत पुढे असलेलं यान गाठायचं तर वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावं लागतं. ते डोक्यात बसायला वेळ लागतो, पण तिथे दोष गेमचा नाही, गुरुत्वाकर्षणाचा आहे.

घ्यावा का? डेमो फुकट आहे, आधी तो खेळा. त्यात बेल्टचा कंटाळा आला तर पुढे मन रमणार नाही, पैसे वाचवा. आवडला तर सेलची वाट बघू नका, येणार नाही. स्पेस एज हा विस्तार, २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला, लगेच घेऊ नका. मूळ गेममध्ये रॉकेट उडवेपर्यंतच भरपूर काम आहे. त्या विस्तारात उंचावरचे रूळ आहेत, म्हणजे एक मार्ग दुसऱ्याच्या वरून नेता येतो आणि तिथे गाड्या एकमेकींच्या आडव्या येत नाहीत. मी अजून घेतलेला नाही. एका पुलासाठी पुन्हा पूर्ण किंमत मोजायची, हे अजून जिवावर येतंय.