ट्रेडमार्कच्या 'जाहिरात शुल्का'चे १४,१६० रुपये

मसाल्याच्या ब्रँडच्या ट्रेडमार्कसाठी वर्ग ३० मध्ये, म्हणजे मसाले ज्यात येतात त्या गटात, ४,५०० रुपये भरून अर्ज केलेला. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) असली की ऑनलाइन फी एवढीच. नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या (रजिस्ट्रीच्या) साप्ताहिकात, आलं आणि त्याच आठवड्यात मेलवर खोटं बिल: 'जाहिरात व प्रमाणपत्र शुल्क १२,०००, जीएसटी २,१६०, एकूण १४,१६०. ४८ तासांत न भरल्यास अर्ज अबॅन्डन्ड.' म्हणजे अर्ज निकालात. वर राजमुद्रा. पाठोपाठ फोन, 'रजिस्ट्रीतून बोलतोय.' पैसे गेले.

कुणाचेही गेले असते. अर्ज क्रमांक, लोगो, पत्ता, सगळं तंतोतंत. असणारच! जर्नल दर सोमवारी साइटवर येतं, कुणीही फुकट उतरवून घ्यावं. या टोळ्यांना गिऱ्हाइकांची आयती यादी.

पण ती जीएसटीची ओळ! डोळ्यांसमोर होती. सरकारी फीच्या पावतीत जीएसटी नसतो. तो एजंट आपल्या मेहनतान्यावर लावतो. अर्जाची खरी पावती, नुसते ४,५००, त्याच मेलबॉक्समध्ये पडून होती. शेजारी ठेवून बघायला मिनिट लागलं नसतं. वर यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव कुठल्याशा माणसाचं. सरकारी खातं असं असतं का?

जर्नलमध्ये छापायला वेगळे पैसे नाहीत. तपासणी अहवालाला, म्हणजे कार्यालयाने अर्जावर काढलेल्या शंकांना, ३० दिवसांत उत्तर द्यायचं, त्यालाही नाहीत. सुनावणीला नाहीत, प्रमाणपत्राला तर नाहीतच. जर्नलमध्ये छापल्यानंतरचे ४ महिने इतरांच्या हरकतींसाठी असतात. हरकत आली नाही तर तुम्ही नुसतं थांबायचं. स्टेटस महिनोन्‌महिने हलत नाही, माणूस धास्तावतो, आणि हे लोक नेमके तेव्हाच गाठतात. नूतनीकरणाचे ९,००० खरे, पण ते १० वर्षांनी.

तक्रारीची कथा आणखी संतापजनक. कार्यालय म्हणतं, मेल आमचा नाही, पोलिसांत जा. पोलीस म्हणतात, सायबरकडे जा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. मग जर्नलमध्ये पत्ते छापताना 'असे फोन येतील, भरू नका' एवढी ओळ पहिल्या पानावर ठळक छापायला काय जातं? अर्जदाराला मेल पाठवता येतो, मग इशाराही पाठवता येईल की!

नोटीस आली की ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर अर्ज क्रमांक टाकून स्टेटस बघा. खरी नोटीस तिथल्या कागदपत्रांत दिसते. फी फक्त स्वतःच्या ई-फायलिंग लॉगिनमधून भरा. एजंटामार्फत अर्ज असेल तर आधी त्याला विचारा. आणि पैसे गेलेच तर बँकेच्या शाखेत रांग लावू नका, लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, फिरवा. तासाभरात ती रक्कम तिसऱ्या-चौथ्या खात्यात पोचलेली असते.