लिबेव्ह: ईव्ही_टाइमर की ईव्ही_पिरिऑडिक?

खानापूरच्या पावसात पर्जन्यमापकाचा प्रोग्रॅम चालवायचा, तर लिबेव्ह या सी-लायब्ररीतला वॉचर, म्हणजे ठरलेल्या घटनेची वाट पाहणारा घटक, कोणता निवडायचा? वेळ झाली की दोन्हींचा कॉलबॅक (त्या वेळी चालवायचं फंक्शन) लूपच, म्हणजे घटनांवर नजर ठेवणारं चक्रच, बोलावतो; फरक घड्याळाचा.

रोज सकाळी साडेआठची नोंद हवी, तर पिरिऑडिकच. इंटरव्हल (दोन नोंदींमधलं अंतर) 86400 सेकंद, ऑफसेट (मध्यरात्रीनंतर किती उशिरा) 10800 सेकंद. मोजणी युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) होते आणि आपले साडेआठ म्हणजे तिथले पहाटेचे 3. पण वीज जाऊन आल्यावर सिस्टीमचं घड्याळ चुकीचं असलं, तर हाही चुकणार.

टाइमर ‘आतापासून इतक्या सेकंदांनी’ एवढंच जाणतो. घड्याळ कुणी मागंपुढं केलं तरी ढळत नाही. सेन्सरला दर 10 सेकंदांनी विचारायला मी तोच घेईन. गप्प पडलेलं कनेक्शन ओळखायलाही तोच: डेटा आला की ईव्ही_टाइमर_अगेन, मुदत पुन्हा सुरू.

कॉलबॅकमध्ये स्लीप (प्रोग्रॅम थांबवून ठेवणं) मात्र कुठेच नको, सगळेच वॉचर खोळंबतात.