चार्टर की डिस्ट्रिक्टची शाळा? आधी पैसा कुठून येतो ते बघा

चार्टर शाळेच्या प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागल्याचा ईमेल आला की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत पहिली चौकशी रेटिंगची होते. माझी मुलगी चार्टरमध्ये आणि मुलगा घरामागच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा-मंडळाच्या शाळेत. तीन वर्षं दोन्हीकडे डबे पोचवल्यावर मी मात्र आधी वेगळं विचारते. या शाळेला पैसा कुठून येतो, आणि तो कमी पडला तर ती कोणाच्या दारात जाते?

चार्टर म्हणजे खासगी शाळा नव्हे. माझ्या सासूबाई अजूनही फोनवर फी विचारतात! फी नसते. पैसा सरकारचा, पण रोजचा कारभार डिस्ट्रिक्टच्या हाताबाहेर. असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटाने केला, दुसरा १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने. राज्याच्या निधीवाटपाच्या २०१३ पासूनच्या सूत्राप्रमाणे दर मुलामागची मूळ रक्कम दोन्ही शाळांना सारखीच मिळते. गरीब घरातल्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी वर जादा पैसे. एवढंच वाचलं तर वाटतं, पैशाचा प्रश्नच नाही.

प्रश्न इमारतीपाशी सुरू होतो. डिस्ट्रिक्टला बांधकामासाठी मतदारांकडून कर्जरोखे मंजूर करून घेता येतात. ५५ टक्के मतं पुरतात. चार्टरला ती सोय नाही. मतदारांनी मंजूर केलेल्या ज्या २००० सालच्या प्रस्ताव ३९ ने ही ५५ टक्क्यांची सवलत दिली, त्यानेच डिस्ट्रिक्टवर चार्टरला जागा देण्याचं बंधनही घातलं, पण त्या डिस्ट्रिक्टमधली किमान ८० मुलं चार्टरमध्ये हवीत आणि अर्ज दर वर्षी नव्याने करायचा. म्हणून बऱ्याच चार्टर भाड्याच्या जागेत असतात. मुलीची शाळा जुन्या ऑफिसच्या इमारतीत आहे. मधल्या सुट्टीत पार्किंगला साखळी लावतात आणि गाड्यांच्या पट्ट्यांवरच मुलं लंगडी घालतात. शिक्षिका उत्तम आहेत, पण पगारात जाऊ शकले असते ते पैसे भाड्यात जातात. राज्य भाड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत देतं, तीही फक्त जिथे शाळेतली किंवा त्या भागातली ५५ टक्के मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली आहेत तिथे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी १० अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यातले ६० कोटी चार्टरच्या इमारतींसाठी आहेत. हे लक्षात ठेवून शाळा बघायला गेलात की भाडेकरार किती वर्षांचा आहे हे नक्की विचारा.

दुसरा फरक हजेरीचा, आणि तो आपल्याला थेट लागतो. इथे पैसा पटावरच्या नावांवर मिळत नाही, सरासरी हजेरीवर मिळतो. डिसेंबरात तीन-चार आठवडे पुण्याला गेलात तर ते दिवस शाळेच्या हिशेबातून जातात. जाण्याआधी स्वतंत्र अभ्यासाचा करार करून अभ्यास पूर्ण केला तर ते नुकसान टळतं. मी पहिल्या वर्षी केला नव्हता, याची मला अजून टोचणी आहे. हजेरी घसरली तर डिस्ट्रिक्टला २०२२ पासून आधार आहे: चालू वर्ष, मागचं वर्ष किंवा मागच्या तीन वर्षांची सरासरी, यांतलं जे जास्त ते धरतात. चार्टरला फक्त चालू वर्ष. मुलं कमी झाली की त्याच वर्षी शिक्षक कमी करायची वेळ येते. माझ्या मते सगळ्यात मोठी असमानता हीच आहे.

तुम्ही पालो अल्टो किंवा सांता क्लारा युनिफाइड या डिस्ट्रिक्टमध्ये राहत असाल तर आणखी एक गोष्ट. तिथला मालमत्ता कर सूत्रापेक्षा जास्त जमतो आणि वरचा पैसा डिस्ट्रिक्टकडेच राहतो. चार्टरला मात्र सूत्राइतकंच. अशा ठिकाणी चार्टरमध्ये खरंच काही वेगळं शिकवत असतील तरच जावं, एरवी हातचं सोडू नये.

आता बाजू मांडण्याबद्दल. डिस्ट्रिक्टसाठी बोलायचं तर स्थानिक बोर्डाची सभा आहे, रोख्यांवरचं मत आहे, पार्सल टॅक्सचा, म्हणजे शाळांसाठी जमिनीच्या प्लॉटवर लावायच्या स्थानिक कराचा, प्रचार आहे (त्याला मात्र सहसा दोन तृतीयांश मतं लागतात). चार्टरसाठी बहुतेक वेळा थेट राज्याची राजधानी सॅक्रामेंटो. गव्हर्नर १० जानेवारीपर्यंत बजेट मांडतात, १४ मेपर्यंत सुधारित आकडे येतात, १५ जूनला विधिमंडळाची मुदत संपते. म्हणजे खरी धावपळ मे महिन्यात, मुलांच्या परीक्षा आणि गॅदरिंगच्या गर्दीत. मी एकदा तिथे समितीच्या सुनावणीला गेले होते. चार तास रांगेत उभं राहून माइकपाशी नाव, गाव आणि पाठिंबा एवढंच सांगता आलं. तरी पुढच्या बाईंनी हातातला मुलाच्या वर्गाचा फोटो वर धरला तेव्हा समितीतल्या एकीने मान वर केली, हे मी पाहिलं.

दुसरी बाजूही मला पटते. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस आणि ओकलंडच्या शिक्षकांनी संप केला तेव्हा चार्टरची वाढ हा त्यांचा एक मुद्दा होता. मूल गेलं की पैसा जातो, पण इमारतीचा आणि बसचा खर्च तसाच राहतो. त्याच वर्षीच्या कायद्याने नव्या चार्टरला परवानगी देताना डिस्ट्रिक्टच्या तिजोरीवर काय ताण येईल हे बघण्याची मुभा दिली. शिवाय राज्याचा शाळांसाठीचा हंडा, म्हणजे प्रस्ताव ९८ ने ठरवलेला किमान निधी, दोघांसाठी एकच आहे. म्हणून मी तीन वर्षांच्या सरासरीचा नियम चार्टरलाही लावा असं मागते, पण डिस्ट्रिक्टचा काढून घ्या असं कधीच नाही. माझा मुलगा तिथेच शिकतो.

टेक्सासला बदली होणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे चार्टरला स्थानिक कराचा पैसा मिळतच नाही, सगळी मदार राज्यावर. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षांत, १४० दिवसांचं. ते हुकलं की सहसा दोन वर्षं थांबा. दर मुलामागची मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकली होती, २०२५ मध्ये त्यात ५५ डॉलर वाढले.

मग निवड कशी करायची? जवळची डिस्ट्रिक्टची शाळा बरी असेल आणि घरात दोघांच्याही नोकऱ्या धावपळीच्या असतील, तर मी तीच घ्या म्हणेन. ती शाळा खरंच कमी पडत असेल, चार्टरचा भाडेकरार लांबचा असेल, मान्यतेचं नूतनीकरण नुकतंच झालं असेल आणि गेल्या तीन वर्षांत हजेरी टिकली असेल, तर चार्टर घ्या. मात्र मे महिन्यातली एक सुट्टी आत्ताच राखून ठेवा.