‘एम्ब्रेस ऑफ द सर्पंट’: होकायंत्राच्या प्रसंगासाठी तरी बघाच
सिरो गेर्रा या कोलंबियन दिग्दर्शकाचा २०१५चा हा सिनेमा ॲमेझॉनच्या जंगलातला, आणि जवळजवळ सगळा कृष्णधवल. हिरवाई नाही म्हणून हिरमुसू नका. पाणी, कातडी, झाडांच्या साली अशा काही उठून दिसतात की रंगांची आठवणही होत नाही. जर्मन संशोधक थिओचं होकायंत्र गावकरी ठेवून घेतात, तेव्हा तो चिडतो: हे हातात आलं की तारे-वारे ओळखायची यांची विद्या बुडेल! त्याच्यासोबतचा आदिवासी वैदू कारामाकाते त्याला सुनावतो, ज्ञान सगळ्यांचं असतं. मला दोघांचंही पटलं, म्हणूनच जीव कासावीस झाला. रबराच्या धंद्यापायी आदिवासींचा झालेला छळ अंगावर येतो. स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्याचा भाग मात्र फार ताणलाय. अंतोनिओ बोलिव्हार यांनी रंगवलेला म्हातारा कारामाकाते मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला, तर अजिबात सोडू नका.