११ बाय १० च्या खोलीत बेस ट्रॅप: एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यानंतर

इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली ११ बाय १० फूट, छत साडेनऊ फुटांवर. तबला, गायन, अधूनमधून बेस गिटार, सगळं तिथंच रेकॉर्ड होतं आणि मिक्सिंगही तिथंच. खोलीत खालचे सूर (बेस) घुमू नयेत म्हणून ते शोषून घेणारा जाड माल लावतात, तेच बेस ट्रॅप. ते मी इथं लावले. निकाल आधीच सांगतो: माल किती आणला यापेक्षा तो कुठं ठेवला याचा फरक जास्त पडला, आणि सगळ्यात मोठं काम मागच्या भिंतीवरच्या सामान ठेवायच्या माळ्यानं केलं.

थोडं गणित लागेल. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं त्याला भागलं की खोली सगळ्यात खाली कोणत्या सुरावर घुमणार ते कळतं. ११ फुटांना ५१ हर्ट्झ (सेकंदाला ५१ कंपनं), १० फुटांना ५६, साडेनऊला ५९. तिन्ही एकमेकांना चिकटून! बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची, म्हणजे ती छेडली की तारेपेक्षा खोलीच जास्त वाजते. त्यात आपल्या भिंती वीट-काँक्रीटच्या. अमेरिकन व्हिडिओंत दिसणाऱ्या जिप्सम बोर्डच्या भिंती थोड्या हलतात आणि काही बेस स्वतःच खातात. आपल्या हलत नाहीत. म्हणून तिथला ‘एवढं पुरे’ इथं पुरत नाही.

दोन इंची फोम भिंतभर चिकटवायचा विचार असेल तर कृपया करू नका. ५५ हर्ट्झची लाट सव्वासहा मीटर लांब असते. तिला पातळ फोम जाणवतही नाही. तो फक्त वरचे सूर खातो, खोली बोदी होते आणि घुमणं तसंच राहतं. शिवाय साधा पीयू फोम झपाट्यानं पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. घरातल्या खोलीत हा धोका कशाला?

मी ४८ डेन्सिटीचे (घनमीटरला ४८ किलो) दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचे, स्लॅब घेतले, तीन-तीन एकावर एक ठेवून सहा इंच जाडी केली आणि सुताराकडून पाइनच्या फ्रेम करून घेतल्या. वर मांजरपाट. कापड घेताना ते तोंडाला लावून फुंकर मारून पाहा. हवा आरपार गेली पाहिजे. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत या फ्रेम तिरक्या उभ्या आहेत, मागचा त्रिकोण मोकळा. ही मोकळी जागा फुकट जात नाही. भिंतीला अगदी लागून हवा हलत नाही, आणि रॉकवूल हलत्या हवेवरच काम करतं.

मागच्या उजव्या कोपऱ्यात दार आहे, तिथं काहीच लावता आलं नाही. पण मागच्या भिंतीवर माळा आहे: १० फूट रुंद, दोन फूट खोल, छतापर्यंत अडीच फूट उंच. तिथलं सामान हलवलं, हलक्या डेन्सिटीच्या रॉकवूलचे गठ्ठे प्लास्टिकसकट ठासले आणि प्लायच्या दारांऐवजी कापडाच्या फ्रेम बसवल्या. जाडी एवढी असेल तेव्हा हलका मालच बरा. आवाज आतपर्यंत शिरतो. पातळ प्लास्टिक बेसला अडवत नाही. भिंत आणि छत मिळतात त्या कडेला लांबीची घुमही सापडते आणि उंचीचीही, म्हणून एका जागेत दोन कामं होतात.

रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा माइक, एवढ्यावर आधीचे-नंतरचे ग्राफ काढता येतात. माझ्याकडं ५५ हर्ट्झच्या आसपास आवाज थांबल्यावरही रेंगाळणारी शेपटी कोपरे भरल्यावर आखडली, माळा भरल्यावर निम्म्याहून कमी झाली. कानाला खरं कळलं ते डग्ग्यावर. घिस्सा घेताना मनगटाच्या दाबानं सूर वर चढतो. आधी त्या चढणीत एक जागा फुगायची आणि पुढची गायब व्हायची. आता चढण सलग ऐकू येते, दाब कुठं कमी पडला तेही कळतं. वादकाला तिथल्या तिथं ऐकवता येतं, याचं मोल माझ्या लेखी फार आहे.

खुर्ची मधोमध ठेवू नका, तिथं ५१ जवळजवळ नाहीसा होतो. मी समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर बसतो.

पावसाळ्यात रॉकवूलला काही झालं नाही, पण ओल येणाऱ्या भिंतीजवळच्या फ्रेमच्या कापडाला कुबट वास आला. ती फ्रेम दोन इंच पुढं ओढल्यावर वास गेला. स्लॅब कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, नाहीतर खाज दिवसभर सुटत नाही.

यानं बाहेरचा आवाज थांबेल अशी आशा मात्र ठेवू नका. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आपला नाशिक ढोल पूर्वीसारखाच आत येतो, आणि त्या दिवसांत मी रेकॉर्डिंग सकाळीच उरकतो. ११० हर्ट्झच्या आसपास ग्राफमध्ये एक खड्डाही अजून आहे, तिथं आवाज कमी पडतो. इक्वलायझरनं तो भरत नाही, नुसता स्पीकरवर ताण येतो. डोक्यावरच्या छताला चार इंची पॅनल टांगून पाहणार आहे. सुताराला माप दिलं आहे.